घडीचं भिंग, दहा पटीचं: द्राक्षबागेत वर्षभर वापरून

मागच्या वर्षी खरड छाटणी (उन्हाळ्यातली) उरकली आणि मी नाशिकच्या रविवार कारंजाजवळून हे भिंग आणलं. धातूची चौकट, घडी करून मुठीत मावेल एवढं, ३८० रुपयांना. मखमलाबादला आमची दोन एकर द्राक्षं आहेत. तेव्हापासून बागेत जाताना ते गळ्यात असतंच.

घ्यायला कारण घडलं होतं. त्याआधीच्या गोडी छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी) एका औषधाच्या दुकानात शेंडा दाखवला, तर उत्तर आलं, "ताई, हा मिरचीवरचा थ्रिप्स." थ्रिप्स म्हणजे रस शोषणारा बारीक फुलकिडा. आमच्याकडे मिरचीचं एक रोप नाही. मला वाटलं, कुठून तरी उडून आला असेल, द्राक्षाला काय करणार? फवारणी लांबवली. मणी फुगायला लागले तसे त्यांच्यावर तपकिरी, खरखरीत चट्टे दिसायला लागले. निर्यातीच्या निवडीत ते घड बाजूला पडले. चवीत काडीचा फरक नव्हता, पण डागी माल तो डागीच.

नंतर कळलं की हा किडा एकच आणि नावं पाच-सहा. शास्त्रातलं नाव सायर्टोथ्रिप्स डॉर्सालिस. १९१९ साली हूड नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने कोइमतूरकडच्या नमुन्यांवरून ते दिलं. पण मिरचीवर सापडला म्हणून मिरचीचा, एरंडावर म्हणून एरंडाचा, आसामच्या चहात म्हणून आसामचा आणि जपानच्या चहामळ्यांत पिवळा चहा-थ्रिप्स. २००५ मध्ये तो अमेरिकेत फ्लोरिडातही ठाण मांडून बसला. बारशाच्या वेळी ज्या झाडावर दिसला त्याचं नाव चिकटलं, त्याचं पोट मात्र कोणत्याही कोवळ्या पानावर भरतं. हे आधी कुणी नीट सांगितलं असतं तर माझे ते घड वाचले असते.

आता भिंगाचं. ते डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि पान वर आणायचं, इंचभर अंतरावर. लांब धरलं तर नुसतं धूसर दिसतं, मीही पहिले आठ दिवस तसंच धरत होते. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकायचा. पिवळसर ठिपके धावायला लागतात. त्यातला एक भिंगाखाली घेतला की पाठीवर मिटलेल्या पंखांची काळसर रेघ आणि पोटावर आडवे गडद पट्टे दिसतात. साध्या डोळ्यांना हा किडा म्हणजे मिलिमीटरभर धूळ.

खालच्या जुन्या पानांवर दुसराच निघतो. अंगाने काळपट, पिल्लं लालसर, पान चंदेरी पडलेलं आणि त्यावर विष्ठेचे काळे ठिपके. हा ऱ्हिपिफोरोथ्रिप्स क्रुएंटाटस. त्याचंही नाव हूडनेच ठेवलं, तेही १९१९ मध्येच. क्रुएंटाटस म्हणजे रक्ताने माखलेला, पिल्लं बघितली की पटतं. हा भारत, पाकिस्तान, श्रीलंका ते तैवानपर्यंतचा आशियाई रहिवासी. द्राक्षाबरोबर गुलाबावर, डाळिंबावर, जांभळावरही राहतो. आमच्या दारचा गुलाब दर वर्षी का करपतो ते मला या भिंगाने दाखवलं. शेंड्यावरचा कुठला आणि जुन्या पानावरचा कुठला, एवढं घरीच कळलं तरी कुठे आणि केव्हा फवारायचं ते ठरवता येतं. जातीचा शेवटचा निकाल अर्थात सूक्ष्मदर्शकाखालीच लागतो.

दोष दोन. काचेच्या कडेला चित्र वाकडं होतं, म्हणून किडा मधोमध धरावा लागतो, आणि तो तर थांबत नाही. शिवाय बिजागरीचा स्क्रू चौथ्या महिन्यात सैल झाला, तो घड्याळवाल्याकडून आवळून घेतला. सोबतची रेक्झिनची पिशवी लगेच उसवली.

आमचे हे आधी म्हणायचे, "थ्रिप्स तो थ्रिप्स, मार औषध." काल सकाळी मी दहा शेंडे झटकले, तर कागद यांनी स्वतः धरला. पिवळे तीन निघाले. फवारणी आम्ही पुढे ढकलली आहे, परवा परत झटकून बघणार.