टायर सहा वर्षांचा, दोष हवेचा

जून २०२३ मध्ये माझ्या व्ही-स्ट्रॉम ६५० एक्सटी या सुझुकीच्या मोटरसायकलला मागचा टायर घातला. साडेपंधरा हजार रोख मोजले. त्यानंतर महिना-दीड महिना मी त्या टायरात हवा भरत होतो, काढत होतो, पुन्हा भरत होतो, आणि गाडी काही ताळ्यावर येत नव्हती. ज्यांनी नुकतीच मोठी अ‍ॅडव्हेंचर गाडी घेतली आहे, त्यातही सेकंडहँड, त्यांनी हे वाचावं. दुकानाचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे येईलच.

मी साताऱ्याचा. १५०/७० आर १७ हे माप इथे कुणी ठेवत नाही, म्हणून पुणं गाठलं. दुकानदाराने आधी १४०/७० चा एक टायर पुढे केला. "चालतो साहेब, सगळे घालतात." त्यावर ६६ आकडा होता, माझ्या मूळ टायरवर ६९. हा आकडा म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याची खूण: ६६ ला ३०० किलो, ६९ ला ३२५. गाडीच २१६ किलोची, त्यावर मी, बायको आणि सामानाचे दोन डबे. नको म्हणालो. एवढं मला कळत होतं आणि त्याचा थोडा ताठाही होता. फसतो तो बहुधा असाच, अर्धवट माहिती असलेला माणूस.

मग आतून 'खरा माल' आला. युरोपियन कंपनीचा, काळा कुळकुळीत, ओला वाटावा इतका चमकणारा. "२०२० पासून इम्पोर्ट बंद आहे. हा शेवटचा पीस. उद्या आलात तर मिळणार नाही." यातलं अर्धं खरं होतं. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात खुली न ठेवता तिला परवान्याची अट घातली. बंद केली नव्हती. पण मोठ्या गाड्यांचे टायर त्यानंतर खरोखरच दुर्मीळ झाले होते, ओळखीतले लोक महिनोन्‌महिने थांबले होते, त्यामुळे मी बिचकलो.

तारीख मात्र विचारली होती. त्याने बोट ठेवून दाखवलं, "हे बघा, डीओटी." डीओटी, म्हणजे टायरवरच्या कोडची सुरुवात, होतं, पुढे काही अक्षरंही होती. चार आकडी तारीख नव्हती. "ती पलीकडच्या बाजूला असते," म्हणाला आणि टायर मशिनवर चढवला. खोटं बोलला नाही. पूर्ण कोड बऱ्याच टायरांवर एकाच बाजूला असतो, शेवटी लांबट गोलात चार आकडे: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२३ म्हणजे २०२३ चा तेविसावा आठवडा. ती पलीकडची बाजू रिमवर चढण्याआधी, स्वतःच्या हातात टायर घेऊन, उजेडात बघायची असते. मी चहा पीत बसलो होतो.

"पक्कं बिल हवं असेल तर अठ्ठावीस टक्के जीएसटी वरून." नको म्हणालो. तिथे आम्ही दोघं मिळून सरकारला फसवत होतो. त्याच सौद्यात तो मलाही फसवत होता, हे कळायला वेळ लागला. बॅलन्सिंगचे, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करण्याचे, तीनशे घेतले, रिमला वजनाची एक चकतीही नव्हती. जुना टायर "कुठे नेता" म्हणत ठेवून घेतला.

पहिल्याच पावसात पोवई नाक्यावर मागचं चाक घसरलं. फोन केला. तो म्हणाला, "हवा किती?" बघितली, ४२ पीएसआय. "जास्त आहे, ३६ करा." बरोबर वाटलं, कारण गाडीच्या कंपनीचा आकडाही तोच: पुढे ३३, मागे एकट्याला ३६, मागे माणूस असेल तर ४१. आठवड्याने पुन्हा घसरलं. "पावसात ३० ठेवा, पकड वाढते." ठेवली. आता गाडी वळणावर डोलायला लागली, जणू मागच्या चाकाचा नट ढिला आहे. तिसऱ्यांदा म्हणाला, "चालवून आल्यावर बघा, वाढलेली दिसेल, तेवढी काढा. नाहीतर नायट्रोजन भरा."

हा सल्ला तर सगळ्यात वाईट. टायर तापला की आतला दाब चार-पाच पीएसआयने वाढतोच, ते धरूनच कंपनीने आकडा दिलेला असतो. तो थंड टायरचा, सकाळी गाडी हलवण्याआधीचा. गरम असताना काढलीत तर दुसऱ्या दिवशी टायर उपाशी. जड गाडीचा टायर कमी हवेवर चालला की त्याच्या भिंती सतत दुमडतात, त्याने तो आणखी तापतो, आणि खड्ड्यात रिम सरळ दगडाला लागते. माती-खडीवर लोक हवा उतरवतात ते ठीक, पण डांबरावर आल्यावर पंप काढून परत भरतात. नायट्रोजनचं म्हणाल तर आपल्या साध्या हवेतही तो ७८ टक्के आहेच. मी तरीही पैसे देऊन भरला. शिवाय नाक्यावरच्या पंपाचा काटा ३६ दाखवायचा तेव्हा माझ्या नव्या गेजवर ३१ यायचे, म्हणजे मी ३० समजत होतो तेव्हा किती असेल कोण जाणे.

जुलैच्या शेवटी चिपळूणला निघालो होतो, एकटाच. कुंभार्ली घाटात एका डावीकडच्या वळणावर, वीसच्या वेगात, मागचं चाक घसरून गेलं. ब्रेक नाही, चिखल नाही, नुसता ओला डांबरी रस्ता. गाडी डाव्या अंगावर, क्लचची दांडी टोकाशी मोडलेली, डबा चेपलेला. मागून येणारी एसटी थांबली. ड्रायव्हर-कंडक्टर दोघांनी हात लावला तेव्हा ती उभी राहिली. कंडक्टर म्हणाला, "एवढी मोठी गाडी कशाला घेता वो?" उत्तर नव्हतं.

परत फिरलो. पाटणच्या अलीकडे एका पंक्चरच्या टपरीवर थांबलो, ट्रकचीच कामं करणारे मामा होते. म्हटलं, मामा, हवा जरा बघा, गाडी घसरतेय.

"हवंचं मागनं बगू. ह्यो टायर कवाचा?"

"नवा आहे. गेल्या महिन्यात घातला."

ते काही बोलले नाहीत. उकिडवे बसले, पुढच्या टायरात अंगठ्याचं नख दाबलं. चौदा हजार किलोमीटर झालेला टायर, पण नखाची चंद्रकोर उमटली आणि हळूहळू भरून आली. मग मागच्या, 'नव्या' टायरात दाबलं. काचेवर दाबल्यासारखं. मलाही दाबायला लावलं. ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे, कंपनीगणिक रबर वेगळं असतं, हे मला कळतं. पण माझ्या नखाला त्या दिवशी शंका उरली नाही.

त्यांनी फडक्यावर पेट्रोल घेतलं आणि टायरची बाजू पुसली. फडकं बुटाला पॉलिश केल्यासारखं काळं झालं आणि खालून करडं रबर निघालं. नक्षीच्या खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक चिरा. लांबट गोलात काळं काहीतरी सुकलेलं भरलं होतं. मामांनी लोखंडी पत्रीच्या टोकाने ते उकरलं. एकेक आकडा मोकळा होत गेला. ३, ४, १, ७.

"सतरा सालचा हाय," मामा म्हणाले. "ट्रकवाल्यास्नी बी आसंच गंडवत्यात."

ऑगस्ट २०१७. मी घेतला तेव्हा सहा वर्षांना दोन महिने कमी. नीट गोदामात ठेवलेला दोन वर्षांचा टायर मी आजही घेईन, घासाघीस करून. पण हा सहा उन्हाळे कुठे टांगलेला होता देव जाणे, आणि रबराला ऊन आणि उष्णता कडक करतातच. कडक झालेल्या रबराची ओल्या रस्त्यावर पकड हवेने परत येत नाही, ३० ठेवा की ४२.

टायर काढून घेतला आणि पुण्याला गेलो. जाण्याआधी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन लावला होता. त्यांचा पहिलाच प्रश्न बिलाचा. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फीसुद्धा लागत नाही, पण आधी खरेदी झाली हे तरी दाखवायला हवं. माझ्याकडे एक फोन नंबर आणि एक टायर. नाव का लिहीत नाही ते आता कळलं असेल.

काउंटरवर टायर आडवा टाकला, आकडे वर. दुकानात दुसरं एक गिऱ्हाईक होतं, कोवळा मुलगा, हातात नवी कोरी हेल्मेट. दुकानदाराने टायर सावकाश फिरवला, ३४१७ वरून अंगठा नेला, माझ्याकडे पाहिलं.

"हवा किती ठेवली होती तुम्ही?"