कागदपत्रं नसलेल्या मुलाचं कॉलेज: कॅलिफोर्निया, न्यू जर्सी की मोठं खासगी कॉलेज?

अमेरिकेत लहानाचं मोठं झालेलं, पण कायदेशीर स्टेटस नसलेलं मूल बारावीपर्यंत बिनघोर शिकतं. प्लायलर विरुद्ध डो या खटल्याच्या १९८२ च्या निकालामुळे सरकारी शाळा त्याला नाकारू शकत नाही. कॉलेजला मात्र हा निकाल लागू नाही. तिथे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. व्हिजिटर व्हिसावर येऊन राहिलेली किंवा एच-वन हा नोकरीचा व्हिसा गेल्यावर परतू न शकलेली कुटुंबं आपल्या लोकांतही आहेत. त्यांची मुलं वर्गात पहिली येतात आणि अकरावीत गप्प होतात. हा आढावा त्यांच्या आईवडिलांसाठी आहे.

दोन गोष्टी आधी स्पष्ट करते. केंद्र सरकारची पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना परत न करावी लागणारी मदत), कर्ज, वर्क-स्टडी (शिकताना काम) यातलं काहीच या मुलांना मिळत नाही. आणि डाकाच्या, म्हणजे लहानपणी आलेल्यांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण आणि वर्क परमिट देणाऱ्या केंद्रीय योजनेच्या, भरवशावर राहू नका. त्यासाठी १५ जून २००७ पूर्वी अमेरिकेत आलेलं असावं लागतं, शिवाय २०२१ च्या न्यायालयीन आदेशापासून पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांना मंजुरी मिळणं जवळपास थांबलं आहे. म्हणजे आज शाळेत असलेल्या मुलाला वर्क परमिट नाही असं धरूनच हिशेब मांडायचा. एच-४ वरच्या, म्हणजे एच-वनवाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर असलेल्या, मुलांचं गणित वेगळं आहे. २१ व्या वर्षी त्यांचं स्टेटस संपतं हे खरं, पण खाली दिलेले बरेच कायदे तात्पुरत्या व्हिसावरच्यांना वगळतात. त्यांनी हा आढावा जसाच्या तसा स्वतःला लावू नये.

माझं मत आधीच सांगते. मूल कॅलिफोर्नियात शिकलं असेल, तर आधी कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं स्वस्त सरकारी कॉलेज) आणि तिथून यूसी, म्हणजे राज्याचं युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, हा रस्ता मला सर्वांत भक्कम वाटतो. संपूर्ण आर्थिक मदत देणाऱ्या खासगी कॉलेजात प्रवेश मिळाला, तरच त्यापेक्षा बरं काही हाती लागलं असं म्हणेन.

कॅलिफोर्नियाच्या २००१ च्या एबी ५४० कायद्यानुसार राज्यातल्या हायस्कूलमध्ये तीन वर्षं शिकून तिथूनच उत्तीर्ण झालेल्या मुलाला इन-स्टेट फी, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांची कमी फी, लागते. २०११ च्या ड्रीम ॲक्टमुळे त्याला राज्याची मदतही मिळते, कॅल ग्रँट हे राज्याचं अनुदानसुद्धा. यूसीत राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला ३४ हजार डॉलरहून जास्त रक्कम वरून भरावी लागते, ती वाचते. तरी खोलीभाडं आणि जेवण उरतंच, आणि बे एरियात तो आकडा फीपेक्षा मोठा होऊ शकतो. कम्युनिटी कॉलेजचा मुद्दा इथेच येतो. तिथे युनिटला (एका क्रेडिटला) ४६ डॉलर फी आहे, उत्पन्न कमी असेल तर तीही माफ होते, आणि मूल दोन वर्षं घरी राहून शिकतं. अटी पूर्ण केल्या तर डेव्हिस, अर्व्हाइन, सांता बार्बरा, सांता क्रूझ, रिव्हरसाइड आणि मर्सेड या सहा यूसींपैकी एकीत प्रवेशाची हमी मिळते. बर्कली आणि यूसीएलए या हमीत नाहीत. कम्युनिटी कॉलेज म्हटलं की आपल्या घरांत चेहरे पडतात, हे मी जाणते. पण पदवीवर यूसीचंच नाव असतं.

एबी ५४० साठी एक प्रतिज्ञापत्र भरावं लागतं. शाळांची नावं, तारखा, आणि त्याखाली एक वाक्य: कायदेशीर स्टेटससाठी अर्ज केला आहे, किंवा पात्र होताच करीन. या वाक्यापाशी आईवडिलांचा हात थांबतो. फॉर्म कॉलेजच्या दप्तरी राहतो आणि १९७४ चा फर्पा कायदा विद्यार्थ्याच्या नोंदींना संरक्षण देतो. न्यायालयाचा आदेश आला तर माहिती द्यावी लागू शकते, हेही माहीत असू द्या. मला विचाराल तर सही करावी. न केल्यास परराज्याची फी लागते आणि बहुतेक घरांत शिक्षण तिथेच थांबतं.

मदतीच्या बाबतीतही कॅलिफोर्निया पुढे आहे. क्युपर्टिनोच्या डी ॲन्झा कॉलेजात एबी ५४० विद्यार्थ्यांसाठी हेफास नावाचा स्वतंत्र कार्यक्रम आहे. बर्कलीत २०१२ पासून अशा विद्यार्थ्यांसाठी वेगळं कार्यालय आहे. डेव्हिसमधलं यूसीचं इमिग्रंट लीगल सर्व्हिसेस सेंटर इतर कॅम्पसवरच्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या जवळच्या कुटुंबीयांना मोफत वकील देतं. मुलासोबत आईवडिलांच्याही केसकडे जाणकार माणूस फुकट बघतो, ही मदत मला कुठल्याही स्कॉलरशिपपेक्षा मोठी वाटते.

न्यू जर्सीने २०१३ च्या अखेरीस इन-स्टेट फी दिली आणि २०१८ मध्ये राज्याची आर्थिक मदत. अट तशीच, तीन वर्षं हायस्कूल. तिथल्या एडिसनच्या मुलाला मिडलसेक्स या कम्युनिटी कॉलेजमधून रटगर्स या राज्याच्या विद्यापीठात जाता येतं आणि असोसिएट (दोन वर्षांच्या) पदवीचे क्रेडिट राज्याच्या कायद्याने धरले जातात. मात्र प्रवेशाची हमी कॅलिफोर्नियासारखी नाही आणि कॅम्पसवरचा आधार कॉलेजगणिक बदलतो. तरीही एडिसनकरांनी बारावीत कॅलिफोर्निया गाठण्यात अर्थ नाही, कारण तीन वर्षांची अट तिकडे लगेच पुरी होणार नाही. मूल आठवीत असताना नोकरीसाठी राज्य बदलत असाल, तर मात्र आधी हे कायदे बघा. साउथ कॅरोलायना अशा मुलांना सरकारी कॉलेजांत घेतच नाही. जॉर्जियात जॉर्जिया टेकसारखी नामवंत सरकारी कॉलेजं त्यांना बंद आहेत. २००१ मध्ये सर्वांआधी इन-स्टेट फी देणाऱ्या टेक्ससची सवलत जून २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने रद्द झाली, फ्लोरिडाचीही त्याच वर्षी संपली.

आता खासगी कॉलेजं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन नागरिकत्व न बघता प्रवेश देतात आणि लागेल तितकी मदत करतात. पोमोना आणि स्वॉर्थमोर अमेरिकन हायस्कूलमधून आलेल्या या मुलांना देशातल्या अर्जदारांतच धरतात. हा पैसा कॉलेजचा स्वतःचा असतो, म्हणून राज्याचा कायदा बदलला तरी तो टिकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने याच सवलतीवरून कॅलिफोर्नियावरही खटला भरल्यामुळे या मुद्द्याचं वजन वाढलं आहे. पण प्रवेश अतिशय कठीण, घर लांब, आणि सुटीत ये-जा करण्याचा धोका वेगळा. मधल्या दर्जाच्या खासगी कॉलेजांपासून जपा. ती अर्धी स्कॉलरशिप देऊन हुरूप वाढवतात आणि उरलेल्या रकमेसाठी जामीनदार असलेलं खासगी कर्ज काढायला लागतं. पदवीनंतर नोकरीचा परवाना नसेल तर ते फेडणार कसं? देशपातळीवर अशा मुलांसाठी द ड्रीम डॉट यूएस या संस्थेची स्कॉलरशिप आहे, तिथे अर्ज जरूर करा.

अर्ज कुठेही करा, सोशल सिक्युरिटी नंबरचा रकाना रिकामा सोडा आणि नागरिकत्वापुढे भारत लिहा. अमेरिकन नागरिक असल्याचा खोटा दावा केला तर पुढे ग्रीन कार्डची वाट कायमची बंद होऊ शकते.

भारतात पाठवायचं का, हाही प्रश्न येतो. मूल भारतीय नागरिक आहे आणि अमेरिकन हायस्कूल डिप्लोमाला एआययूकडून (भारतीय विद्यापीठांच्या संघाकडून) समकक्षता मिळते, त्यामुळे शिक्षण शक्य आहे. कसोटी तारखेची आहे. अठरा वर्षांखालचा बेकायदा मुक्काम मोजला जात नाही. अठरा पूर्ण झाल्यावर १८० दिवसांहून जास्त राहून देश सोडला तर तीन वर्षं परत येता येत नाही, एक वर्ष उलटलं तर दहा वर्षं. आईवडिलांना मुलाला भेटायला भारतात जाऊन परत येता येणार नाही, आणि ही बंदी नसली तरी मुलाला परतीचा व्हिसा मिळेलच असं नाही. म्हणून हा पर्याय मनात असेल तर सतराव्या वर्षीच इमिग्रेशन वकिलाकडे जा आणि पहिल्या भेटीतच मुलाची जन्मतारीख त्याच्यापुढे ठेवा.