बदललेला इग्निशन स्विच: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

माझी शंभर सीसीची मोटारसायकल जुन्या पद्धतीची, म्हणजे एसी सीडीआय (ठिणगी घडवून आणणारा, बॅटरीवर न चालणारा इलेक्ट्रॉनिक डबा) असलेली आहे. तिचा मूळ इग्निशन स्विच इतका झिजला होता की गाडी चालू असतानाच किल्ली हातात येई आणि पावसात इंजिन मध्येच बंद पडे. उन्हाळा संपता संपता मी त्याजागी बाजारात मिळणारा पर्यायी स्विच बसवला. त्यानंतर कोल्हापूरचा संपूर्ण पावसाळा, गगनबावड्याच्या रस्त्यावरची ये-जा आणि आता उसाच्या गळीत हंगामातील धूळ, एवढे सगळे त्याच्यावरून गेले आहे.

स्विच विकत घेण्याआधी दोष त्याचाच आहे याची खात्री करून घ्यावी. अशा गाडीत ठिणगीसाठी लागणारी वीज बॅटरीतून येत नाही, मॅग्नेटोतील (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागातील) स्वतंत्र कॉइलमधून येते; किल्ली बंद केली की स्विच सीडीआयकडून आलेली एक तार अर्थिंगला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या तारेला, जोडतो आणि त्यामुळे इंजिन थांबते. स्विचमध्ये पाणी शिरले किंवा त्या तारेचे आवरण हँडलच्या गळ्याशी घासून निघाले, तर हीच जोडणी नको त्या वेळी होते. म्हणून मी ती तार स्विचच्या कपलरपाशी (तारा जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या खटक्यापाशी) तात्पुरती सोडवली आणि तिचे टोक टेपने झाकून ओल्या रस्त्यावर गाडी चालवून पाहिली. बंद पडणे थांबले, तेव्हा दोष स्विचकडेच आहे हे स्पष्ट झाले. तार सुटलेली असताना किल्लीने इंजिन बंद होत नाही. गिअरमध्ये ब्रेक दाबून, क्लच सोडून ते थांबवावे लागते.

होंडाच्या रंगपद्धतीत लाल तार बॅटरीकडून येते, काळी तार हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेक लाइटकडे जाते, हिरवी अर्थिंगची असते आणि काळी-पांढरी सीडीआयची. किल्ली चालू असताना लाल व काळी एकमेकींशी जोडलेल्या हव्यात. बंद असताना ती जोडणी तुटून काळी-पांढरी व हिरवी जोडल्या गेल्या पाहिजेत. पर्यायी स्विचच्या तारांचे रंग या पद्धतीप्रमाणेच असतील असे गृहीत धरू नये. माझ्या स्विचला काळ्या-पांढऱ्या तारेच्या जागी चक्क निळी तार होती. गाडीवर चढवण्यापूर्वी मल्टिमीटरने चारही तारा दोन्ही स्थितींत तपासल्यामुळे ते लगेच ध्यानात आले. जोडणीला हात घालण्याआधी बॅटरीची ऋण बाजू सोडवावी, कारण पाना चासीला लागला तरी मग ठिणगी उडत नाही.

खरा प्रश्न सांध्यांचा आहे. नव्या स्विचच्या तारा मूळच्यापेक्षा आखूड होत्या आणि कपलरचा साचाही जुळत नव्हता. कोल्हापूरच्या उद्यमनगर या औद्योगिक भागात दाखवले तेव्हा ‘तारा पिळून टेप मारून देतो की, कशाला खर्च करताय’ असा सल्ला मिळाला. हा उपाय इथे सर्रास चालतो आणि माझ्या मते पावसाळ्यात बंद पडणाऱ्या निम्म्या गाड्यांचे मूळ त्यातच असते: उन्हात टेपचा डिंक सुटतो, पाणी आत जाते आणि तांबे हिरवे पडते. मी जुना कपलर कापून टाकला नाही. त्यातील जुन्या पिना काढून नव्या तारांना नव्या पिना दाबून बसवल्या आणि त्याच कपलरमध्ये चढवल्या. लांबी वाढवण्यासाठी जोड द्यावाच लागला, तो प्रत्येक तारेत वेगळ्या ठिकाणी दिला आणि त्यावर आतून डिंक असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी) नळी चढवली. हँडलजवळच्या तारांना केवळ डाग देण्याच्या (सोल्डरिंगच्या) मी विरोधात आहे. डाग जिथे संपतो तिथे तार ताठ होते आणि हँडल सतत वळत राहिल्याने नेमकी तिथेच तुटते. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तारा कुठेही ताणल्या जात नाहीत ना, हे पाहिले.

इंडिकेटर, ब्रेक लाइट आणि हॉर्न एकाच वेळी चालू ठेवून लाल व काळ्या तारांमधील व्होल्टेज मोजले की स्विचच्या आतील संपर्क किती स्वच्छ आहेत ते कळते. बसवल्यावर हा आकडा 0.1 व्होल्टच्याही खाली होता. दिवाळीनंतर पुन्हा मोजला तेव्हा किंचित वाढला होता, तरी चिंता करण्यासारखा नव्हता. जुन्या स्विचवर तो एक व्होल्टच्या पुढे जात असे आणि हॉर्न वाजवला की इंडिकेटर मंद होत. पावसात इंजिन एकदाही आपोआप बंद पडले नाही.

उणिवाही आहेत. किल्लीवरचा मुलामा इतक्यातच उडाला आहे, आणि किल्लीच्या भोकावरचे प्लॅस्टिकचे झाकण पहिल्याच जोरदार पावसानंतर सैल झाले, त्यामुळे गाडी उघड्यावर असली की मी तिथे रबरी टोपी लावतो. लॉक जड झाले तेव्हा त्यात तेल न सोडता ग्रॅफाइटची पूड घातली. तेलावर गळीत हंगामातली धूळ चिकटून बसते. फक्त स्विच बदलल्यामुळे टाकीच्या झाकणासाठी जुनी किल्ली बाळगावी लागते, आणि पेट्रोल पंपावर मागे रांग लागलेली असताना हातात हमखास चुकीचीच येते. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी थोडे अधिक पैसे मोजून पूर्ण लॉक सेटच घ्यावा. तारांची तपासणी आणि जोडणी त्यातही हीच राहील.