विश्रामबागेतला जुना फ्लॅट का कुपवाडकडचा प्लॉट? मेहुण्यासोबत फिरून जे कळलं ते

मेहुणा पुण्यातून कायमचा परत यायचं म्हणतोय, कंपनीनं घरूनच काम दिलंय, आणि बजेट म्हणजे सगळं धरून ४५ लाखांच्या आसपास. "दाजी, तुम्ही सांगलीतच असता, जरा बघा की" म्हणाला आणि त्या एका "जरा बघा" वर माझे सगळे रविवार गेले. पण फिरल्यावर बऱ्याच गोष्टी कळल्या ज्या मला २० वर्षं इथं राहून नव्हत्या कळल्या, म्हणून लिहून ठेवतोय, कुणीतरी अशाच पेचात असेल.

शेवटी हातात तीन गोष्टी राहिल्या. विश्रामबागेत १८ वर्षांपूर्वीच्या बिल्डिंगमधला दुसऱ्या मजल्यावरचा टूबीएचके, ४२ मागतायत. कुपवाडच्या बाजूला तीन गुंठ्याचा प्लॉट, घेऊन बांधायचं. आणि मिरज रोडला चालू बांधकामातला नवीन फ्लॅट. चौथा पण होता, गावभागातलं जुनं घर, एकदम स्वस्त, मेहुण्याची बायको तर अंगण बघून हरखलीच. मी त्यांना आत न जाता आधी शेजारच्या भिंतीवरची पुराची खूण दाखवली, माझ्या छातीच्या वर होती. तिथंच विषय संपला.

म्हणजे पहिलं पाणी. बाहेरच्या माणसाला हे कळत नाही, त्याला वाटतं लोकेशन म्हणजे शाळा आणि बाजार किती लांब. सांगलीत लोकेशन म्हणजे "आयर्विनला किती फूट झाल्यावर तुमच्या दारात येतं". आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, तिथं इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. २००५ ला ५३ च्या वर गेलं, २०१९ ला ५७ च्या पण वर, आणि २०२१ च्या जुलैत परत ५४ ओलांडलं. म्हणजे १७ वर्षांत तीनदा, आणि त्यातलं दोनदा तर दोन वर्षांच्या अंतरानं. कोयनेतनं सोडलेलं पाणी, वारणेचं पाणी हरिपूरला येऊन मिळतंय ते, आणि शहरातला पाऊस वेगळा, हे सगळं एकाच वेळी आलं की शेरीनाल्यासारखे नाले उलटे वाहायला लागतात, नदी दारात यायच्या आधी नाल्यातनं पाणी येतं. त्यामुळं "आमच्याकडं नदीचं पाणी येत नाही हो" असं कुणी म्हणालं की पुढचा प्रश्न विचारायचा, नाल्याचं येतंय का? शामरावनगरकडं तर साध्या जोराच्या पावसात पण पाणी साचून राहतंय, त्याला पूर लागतच नाही.

आणि हे एजंटला विचारायचं नाही. किराणा दुकानदाराला विचारायचं, दूधवाल्याला विचारायचं, त्यांना २०१९ चा ऑगस्ट अजून तारखेनिशी पाठ आहे. जलसंपदा खात्याच्या पूररेषा असतात, निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदाच्या. निळीच्या आत नवीन बांधकामाला बंदी, निळी आणि लाल यांच्यामध्ये अटी घालून. प्लॉट असो का फ्लॅट, या नकाशावर आपला गट नंबर कुठं पडतोय हे एकदा बघितल्याशिवाय टोकन द्यायचं नाही.

पाण्याच्या बाबतीत विश्रामबाग आणि कुपवाड दोन्ही नदीपासून लांब आणि उंचावर, इथं दोघांना सारखे मार्क. मिरज रोडचा नवीन पण ठीक. खरा फरक पुढं पडतो, कागदात.

प्लॉटची गोष्ट सांगतो आधी, कारण मेहुण्याचं मन तिकडंच होतं. "दाजी फ्लॅटमध्ये काय, खाली जमीन आपली पाहिजे." बरोबर आहे, आपल्याकडं सगळ्यांनाच असं वाटतं, मला पण वाटतं. पण एजंटनं जो सातबारा दाखवला त्यावर अकरा नावं! सामाईक. तीन गुंठे म्हणजे त्या अकरा जणांतल्या एकाच्या हिश्श्यातला तुकडा, त्याची स्वतंत्र मोजणी नाही, हद्द म्हणजे चार दगड. विचारलं तर म्हणाला, "सगळं गुंठेवारीतच असतंय हो साहेब, निम्मी सांगली गुंठेवारीत आहे." आता हे खोटं नाही, इथं गुंठेवारी, म्हणजे लेआऊट मंजूर न करता गुंठ्यागुंठ्यानं विकलेली जमीन, भरपूर आहे, २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, नंतर दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमितीकरणाची सोय झाली. पण सोय असणं आणि या प्लॉटचं झालेलं असणं यात फरक आहे ना. नियमित झाल्याचा दाखला हातात असेल तर तो प्लॉट वेगळा आणि "होऊन जाईल" वाला प्लॉट वेगळा, किमतीत दोघांचा फरक पडायला पाहिजे आणि एजंट मात्र दोन्हीला एकच भाव सांगतो.

त्यात एकानं तर पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून देतो म्हणाला. नोटरीनं मालकी येत नाही, त्याला रजिस्टर खरेदीखतच लागतंय. नोटरी म्हणजे तुम्ही पैसे दिले याचा पुरावा, बाकी काही नाही.

मग बँक. मेहुण्याला निम्म्याहून जास्त कर्ज लागणार. बँकेत गेलो तर त्यांचा पहिला प्रश्न, लेआऊट मंजूर आहे का, एनए म्हणजे बिगरशेती आहे का. नाही म्हटल्यावर त्यांनी चहा पाजला आणि विषय बदलला. पतसंस्था देतात, पण व्याज बघा आणि मग रात्री झोप येते का बघा. आणि मंजूर प्लॉटला बँक देते तेव्हा सुद्धा ठरावीक मुदतीत बांधकाम करायची अट असते, म्हणजे "आत्ता घेऊन ठेवू, दहा वर्षांनी बांधू" हे त्या कर्जात बसत नाही.

बांधकामाचं पण एक आहे. सांगलीची काळी माती. ऊसाला झकास पण घराला बेकार, पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगा पडतात, त्या भेगा मग भिंतीत वर येतात. मित्रानं खड्डा कमी घेतला, पैसे वाचवले, आता दरवर्षी मे महिन्यात त्याच्या बेडरूमची भेग रुंदावते आणि दिवाळीला बुजते, आम्ही त्याला कॅलेंडरच म्हणतो. तर प्लॉट घेताना आधी एक खड्डा काढून मुरूम किती फुटांवर लागतोय ते बघायचं, पायाचा खर्च तिथं कळतो. कुपवाडच्या बाजूला काही ठिकाणी मुरूम वरच लागतो, तिथं प्लॉट घ्यायला खरंच फायदा. एक चांगली बातमी म्हणजे सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळं बांधणाऱ्याला थोडा हातभार. आणि प्लॉट मंजूर लेआऊटमधला असेल आणि १५० चौरस मीटरच्या आत, म्हणजे दीड गुंठ्याला किंचित कमी, तर २०२० च्या नवीन नियमावलीत परवानगीचं काम पण बरंच सोपं झालंय. पण देखरेख? मेहुणा कॉम्प्युटरसमोर, म्हणजे गवंड्यामागं दाजी. नको रे बाबा.

आता विश्रामबागेचा फ्लॅट. दिसायला काही खास नाही. जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या, लिफ्ट आहे पण तिचं लाईटबिल कोण भरतं यावर वाद चालूय. पण भोगवटा प्रमाणपत्र आहे, घरपट्टी नियमित, मागच्या दोन खरेद्यांचे इंडेक्स टू, म्हणजे खरेदी नोंदल्याचे सरकारी उतारे, सलग लागतायत. इकडं बऱ्याच बिल्डिंगी सोसायटी नसून अपार्टमेंट असतात, १९७० च्या कायद्याखालच्या, तेव्हा घोषणापत्र म्हणजे डीड ऑफ डिक्लेरेशन झालंय का आणि जमिनीतला आपला अविभक्त हिस्सा किती टक्के लिहिलाय ते बघायचं. मेहुण्याच्या "खाली जमीन आपली" ची तहान तिथं थोडी तरी भागते. पार्किंग मात्र तोंडी आहे, कागदावर नाही, त्यावरनं मी ४२ चे ४० करायला लावणार आहे.

पैशाचा हिशोब फ्लॅटचा सरळ निघतो. ४२ लाख धरले तर महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ५ आणि वर १ मिळून ६ टक्के, म्हणजे २ लाख ५२ हजार, नोंदणी फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार. खरेदी फक्त बाईच्या नावावर केली तर १ टक्का सूट, ४२ हजार वाचतात, पण नवरा बायको दोघांच्या नावावर केली तर ही सूट नाही, हे बऱ्याच जणांना रजिस्टर ऑफिसात गेल्यावर कळतं. जुना फ्लॅट म्हणून जीएसटी शून्य. आणि कर्ज ३० लाखांच्या वर गेलं की बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे ३३ लाख ६०, आणि मुद्रांक शुल्क त्यात धरत नाहीत. उरलेले ८ लाख ४० अधिक शुल्क अधिक फी, खिशातनं सव्वाअकरा लाख तयार पाहिजेत. शिवाय बँकेनं जुन्या बिल्डिंगचं मूल्यांकन ४२ न काढता ३८ काढलं तर खिशाला अजून भोक. म्हणून टोकन देताना लिहून घ्या की कर्ज मंजूर नाही झालं तर टोकन परत.

मिरज रोडचा नवीन फ्लॅट याच ठिकाणी मागं पडला. चालू बांधकामावर जीएसटी लागतो, ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर १ टक्का, त्याच्या वर ५. त्या साईटवर भाव सांगितला ४४, आम्ही खुश, मग पार्किंगचे अडीच वेगळे म्हणाले, आणि ते धरल्यावर रक्कम ४५ च्या वर जाते म्हणजे टॅक्स पाचपट. बाकी महारेरा नंबर, म्हणजे बांधकाम प्रकल्पाची सरकारी नोंदणी, होता, ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जागा किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅट असले की तो लागतोच, महारेराच्या वेबसाईटवर ताबा कधीचा लिहिलाय ते आम्ही बघितलं तर बिल्डरचा माणूस तोंडानं सांगत होता त्याच्यापेक्षा वर्षभर पुढचा. तोपर्यंत भाडं पण भरा आणि हप्ता पण. ज्याला घाई नाही, आई वडिलांच्या घरात राहतोय, लिफ्ट आणि पार्किंग नीट पाहिजे, त्याच्यासाठी हाच चांगला, मी उगाच नावं ठेवत नाही.

व्याजाचं म्हणाल तर २०२५ च्या फेब्रुवारीपासून रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो, साडेसहावरनं खाली येत जूनमध्ये साडेपाच आणि डिसेंबरमध्ये सव्वापाच झाला. ३० लाख २० वर्षांसाठी ९ टक्क्यांनी २७ हजाराचा हप्ता, ८ नी २५ हजार १००. ज्यांचं जुनं कर्ज चालूय त्यांनी बँकेत जाऊन आपला दर खरंच खाली आलाय का विचारा, आपोआप येतो असं समजू नका, माझा एका अर्जानं आला.

कधी घ्यायचं यावर घरात वाद झाला. बायको म्हणते दसऱ्याला बघू, मुहूर्त पण आणि ऑफर पण. माझं म्हणणं, बघायचं जुलै ऑगस्टमध्ये आणि बोलायचं पितृपक्षात. दसऱ्याला सगळी घरं रंग देऊन उभी असतात, ओल दिसत नाही. धो धो पावसात गेलात तर वरच्या स्लॅबचा कोपरा, खिडकीखालचा पट्टा, बाथरूमच्या मागची भिंत आपोआप बोलायला लागतात. आणि पितृपक्षात कुणी टोकन देत नाही, त्यामुळं ज्याला पैशाची गरज आहे तो मालक त्या पंधरवड्यात नरम असतो. भाव तेव्हा ठरवायचा, टोकन घटस्थापनेला द्यायचं, बायको पण खुश. आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रजिस्टर ऑफिसला जायचं नाही, १ एप्रिलला रेडीरेकनर, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी धरायचा सरकारी भाव, बदलू शकतो म्हणून सगळं गाव तिथं, २०२५ ला मुंबई सोडून राज्यात सरासरी ४.३९ टक्क्यांनी वाढला होता.

ज्यांचं घर आहेच त्यांच्यासाठी एवढंच, गच्चीचं काम मे च्या पहिल्या पंधरवड्यात करून घ्या, कोब्याला पावसाआधी कोरडे दिवस लागतात, मृगाच्या आदल्या दिवशी गवंडी मिळत नाही. पावसाच्या पाईपच्या तोंडातला पालापाचोळा काढा. आणि तळमजल्यावर असाल तर मीटरबोर्ड आणि इन्व्हर्टर वर घ्या, घराचा विमा उतरवा, २०२१ पासून भारत गृह रक्षा नावाची पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडं एकसारखी आहे, त्यात पूर धरलेला आहे. २०१९ नंतर आमच्या मामांनी सोफा, फ्रिज, दिवाण, मुलीच्या लग्नाच्या साड्या, सगळं ट्रॉलीत भरून टाकलं, विमा नव्हता.

तर माझं मत विश्रामबाग. प्लॉट घ्यायचा तर स्वतंत्र सातबारा नाहीतर मिळकत पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, मंजूर लेआऊट, आणि खड्ड्यात मुरूम, हे तिन्ही असेल तरच, आणि स्वतः इथं असाल तरच. मेहुणा अजून पूर्ण मानलेला नाही, काल रात्री परत फोन, "दाजी, कुपवाडला दुसरा एक प्लॉट आलाय, एकाच नावावर आहे म्हणतात." मी म्हटलं सातबारा व्हॉट्सॲपला टाक. अजून टाकला नाही.