माड, रायवळ आंबा आणि खारी हवा : झाडकामाच्या हार्नेसची पारख

कोकणातल्या बाजारपेठांमध्ये हार्डवेअरच्या दुकानात ‘सेफ्टी बेल्ट’ मागितला, की बहुतेक वेळा एकच वस्तू पुढे येते : बांधकामावरचा फुल बॉडी हार्नेस, पाठीवर एक कडी आणि सोबत दोन हुकांची दोरी. आयएस ३५२१ (भारतीय) किंवा ईएन ३६१ (युरोपीय) या सुरक्षा-मानकाचा खरा शिक्का असेल तर वस्तू वाईट नाही. माणूस पडला तर ती त्याला धरते. पण तिचं काम तेवढंच. पाठीच्या कडीवर लटकलेला माणूस पुढे झुकतो, मांड्यांचे अरुंद पट्टे जांघेत घुसतात आणि हात कामाला मोकळे राहत नाहीत. झाडावर काम करणारा पट्ट्यात तासन् तास बसतो, बसून करवत चालवतो, एका फांदीवरून दुसरीकडे झोके घेत जातो. त्याला लागतो तो बसायचा हार्नेस. लेबलवर ईएन ८१३ (बसण्यासाठी) आणि ईएन ३५८ (बाजूच्या कड्यांना लॅनयार्ड, म्हणजे खोडा-फांदीभोवती घ्यायची आखूड दोरी, लावून जागेवर टेकून राहण्यासाठी) हे दोन्ही आकडे हवेत. एकच असेल तर तो हार्नेस सोडून द्या.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. बसायचा हार्नेस पडणं झेलण्यासाठी बनवलेला नसतो. दोर कायम ताणलेला ठेवायचा, ढील पडू द्यायची नाही, हे गृहीत धरूनच तो वापरतात. जिथे ढिलीवर पडायची शक्यता आहे तिथे ईएन ३६१ वालाच हवा. आणि नुसता कमरपट्टा, म्हणजे मांडीपट्टे नसलेला, हा पाय खोडाला टेकलेले असतानाच चालतो. पाय सुटले की तो सरकून छातीखाली येतो आणि श्वास कोंडतो. माडावर असे नुसते पट्टे अजून सर्रास दिसतात.

काम कोणतं, यावर हार्नेस ठरतो. जुने रायवळ आंबे, फणस, वड, किनाऱ्यावरचे सुरू, घराच्या कौलांवर आलेल्या फांद्या : हे खरं दोरावरचं काम. वरच्या भक्कम बेचक्यात दोर टाकायचा आणि त्यावर बसून फिरायचं. माडाचं गणित वेगळं. माडाला फांदीच नाही. शेंड्यातल्या झावळीवर भार टाकला तर ती देठासकट सुटून येऊ शकते, त्यामुळे आधार खोडाभोवतीच घ्यावा लागतो. दोन लॅनयार्ड लागतात, म्हणजे एक सोडताना दुसरा बांधलेला असतो. निदान एक तरी खोडाभोवती फास बसणारा हवा, नाहीतर तो सरळ खाली घसरतो. पोफळीसाठी हा खर्च करू नये. ते खोड बारीक, लवतं. लांब दांड्याच्या कोयतीने जमिनीवरून घड उतरवणं केव्हाही बरं.

चढण्यासाठी पायाला बांधायचे लोखंडी काटे माडाला मात्र लावू नका. ताड-माडाच्या खोडात आंब्या-फणसासारखा जखम भरून काढणारा थर नसतो. काट्याचं भोक जन्मभर उघडं राहतं, त्यात पाणी मुरतं आणि ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो. खोडात पायऱ्या खोदायच्या जुन्या पद्धतीलाही हेच लागू. पाडायचाच माड असेल तर गोष्ट वेगळी.

आता प्रत्यक्ष हार्नेस. व्यावसायिक झाडकामात दोन नावं पुन्हा पुन्हा येतात : फ्रान्सच्या पेट्झलचा सेक्वोया आणि ऑस्ट्रियाच्या टॉयफेलबर्गरचा ट्रीमोशन. दोन्ही आयात, दोन्हींना पाच आकडी रक्कम मोडावी लागते.

सेक्वोयाचा कमरपट्टा रुंद आणि अर्धवट ताठ. पाठीला टेकू चांगला मिळतो, सामान अडकवलं तरी पट्टा लोंबत नाही. पुढची आडवी दोरी, जिच्यावर चढायचा दोर अडकतो आणि जिला सगळे ब्रिज म्हणतात, तिच्या दोन टोकांच्या कड्या उघडता येतात. म्हणून स्विव्हल (गोल फिरणारी कडी) घालणं किंवा ब्रिज बदलणं सोपं. एसआरटी नावाच्या आवृत्तीत छातीजवळचा असेंडर (दोरावर वर सरकणारी, खाली न घसरणारी पकड) बसवायची सोय आहे. एकेरी दोरावर खालून वर चढणार असाल तर तीच घ्या, पुढे पश्चात्ताप नको. ताठपणाची किंमत उन्हाळ्यात कळते. मे महिन्यात तो रुंद पट्टा पाठीवर घामाची पखाल होतो.

ट्रीमोशनचं वैशिष्ट्य मांड्यांत आहे. मांडीपट्टे आणि बाजूच्या कड्या यांची जोडणी सरकती असल्याने पाय फाकून फांदीवर उभं राहणं किंवा एका कुशीवर कलणं फार मोकळं जातं. सुटे भागही बदलता येतात. पण पट्टे, बकलं आणि सांधे इतके, की नीट बसवायला अख्खी दुपार द्यावी लागते. ती दिली नाही तर ‘एवढे पैसे घालून काचतोच आहे’ अशी तक्रार ठरलेली. रोज दोरावर असणाऱ्याने ट्रीमोशन घ्यावा. दोन-तीन जण आळीपाळीने एकच हार्नेस वापरत असतील तर सेक्वोया.

आराम स्पंजच्या जाडीत आहे, असा समज पक्का झालेला आहे. तो चूक. जाड स्पंज चार पावसाळ्यांत बसतो. भार कुठे पडतो, हे बिघडलेलं असेल तर गादी घालूनही मांडी बधिर होते. म्हणून विकत घेण्याआधी, निदान पहिल्या कामाआधी, जमिनीपासून वीतभर वर लटकून बघायचं, तेही रोजच्या सगळ्या सामानासकट. पंधरा मिनिटं पुरतात. खाली एक माणूस उभा हवा. पाय हलवत राहायचं, कारण पट्ट्यात निश्चल लटकलं की पायातलं रक्त वर यायला अडतं आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. बेशुद्ध माणूस वर अडकला तर त्याला खाली आणायला मिनिटंच हातात असतात. म्हणून उतरवू शकणारा दुसरा माणूस आणि दुसरा दोर हे हार्नेसच्या आधीच्या यादीत येतात.

लटकल्यावर काय बघायचं? कमरपट्ट्याची वरची कड कमरेच्या हाडाच्या वर बसलेली हवी. लटकताच पट्टा बरगड्यांकडे चढला, तर मांडीपट्टे सैल आहेत आणि सगळा भार कमरेवर येतोय. मांडीपट्टे थोडे आवळा, किंवा कमरेला जोडणारी उभी पट्टी आखूड करा. उलट, जांघेत कड रुतत असेल तर ती उभी पट्टी फार आखूड झाली आहे. माणूस मांड्यांवरच बसलाय, कंबर नुसती शोभेला आहे. मांडीपट्ट्यात सपाट तळहात सहज सरकला पाहिजे, मूठ नाही. आणि बकल मधोमध बसेल असं माप निवडा, दोन्हीकडे सोडायला-आवळायला जागा राहील. माप कामाच्या कपड्यांवरूनच घ्यायचं. पॅन्टची शिवण कुठे येते तेही पाहा. जीन्सची आतली जाड शिवण मांडीपट्ट्याखाली आली, की तासाभरात चामडी सोलवटते. खिशातली चुन्याची डबी, किल्ल्या, मोबाइल हे सगळं आधी काढून ठेवायचं.

कमरेच्या दोन्ही बाजू चिमटल्यासारख्या झाल्या तर दोष बहुधा ब्रिजचा. ब्रिज आखूड असला की दोरीचा कोन रुंद होतो आणि ती दोन्ही कड्या आत खेचते. लांब केला की दोरी उभी होते, चिमटा जातो, एका कुशीवर कलायलाही सोपं जातं. पण फार लांब केला तर दोरावरची गाठ किंवा यंत्र हाताच्या टप्प्याबाहेर जातं आणि दर वेळी पोट आवळून वर ओढून घ्यावं लागतं. बसल्यावर ब्रिजवरची कडी बेंबी आणि छातीचं हाड यांच्या मध्ये, कोपर वाकलेलंच राहून हाताशी आली, तर लांबी बरोबर. एका वेळी दोन-तीन सेंटिमीटरच बदला आणि पुन्हा लटका. ब्रिज कंपनीचाच घ्यायचा. गावच्या दुकानातली तेवढ्याच जाडीची नायलॉन दोरी ‘सारखीच दिसते’ म्हणून लावायची नाही. टोकाच्या अडगाठी अंगाच्या वजनाने घट्ट बसवा, पुढे चांगलं चार बोटं शेपूट सोडा. महिन्यातून एकदा त्या गाठी सोडून आतली दोरी पाहा. झीज ब्रिजच्या मध्यावर दिसते, पण गाठीच्या तोंडाशी, कडीला घासणारी जागा झाकलेली असते आणि तिथेच भुसा-माती साचते. वरचं कवच फाटून आतला गाभा दिसला तर दोरी त्याच दिवशी रद्द.

हार्नेस आपल्यासारखा करून घ्यायला वाव भरपूर आहे, पण सुई-दाभणाने नाही. भार घेणाऱ्या पट्टीवर शिवण, भोक, रंग, मार्करची शाई, चामड्याचं अस्तर चिकटवायचा गोंद, यातलं काहीही चालत नाही. नाव लिहायचं तर लेबलवर. बदलता येतं ते असं : खांद्याचे पट्टे, सामानाच्या कड्या, करवतीचं म्यान, प्रथमोपचाराची थैली. खांद्याचे पट्टे बरेच जण फालतू समजतात. पण चेनसॉ, दोराचं वेटोळं, दोन लॅनयार्ड असं सगळं कमरेला असताना वाडीतून चालताना पट्टा खाली ओघळतो, आणि वर गेल्यावर चुकीच्या जागी बसतो. तेवढ्यासाठी ते हवेत. पडताना ते धरणार नाहीत, हे लक्षात असू द्या. चेनसॉ ज्या पट्टीने लटकवायची तिच्यात ठरावीक भाराला तुटणारा दुवा हवा. कापलेल्या फांदीत करवत अडकून फांदी खाली निघाली, तर तिने माणसाला सोबत ओढता कामा नये.

कोयतीचा प्रश्न आपल्याकडचाच आहे. कमरेला मागे लाकडी आकडी बांधून तिच्यात उघडी कोयती अडकवायची, ही पाडेल्याची, म्हणजे नारळ उतरवणाऱ्याची, पिढ्यान् पिढ्यांची रीत, आणि दोराशिवाय चढताना ती ठीकही होती. हार्नेसमध्ये मात्र उघडं पातं ताणलेल्या दोरीच्या हातभर अंतरावर येतं. ताणलेली दोरी नुसत्या स्पर्शाने कापली जाते, घाव घालावा लागत नाही. आकडी ठेवायची असेल तर ती मागच्या सामानाच्या कडीला, डाव्या-उजव्याची सवय बघून, ब्रिजपासून जास्तीत जास्त लांब बांधा आणि पात्याला म्यान घाला. बाजूच्या ज्या कडीला लॅनयार्ड आहे तिच्यावर कोयती कधीच नको. कापताना आधार दोन हवेत : दोर आणि लॅनयार्ड. तारेचा गाभा असलेला लॅनयार्ड कोयतीला बराच दाद देत नाही. चेनसॉपुढे मात्र त्याचाही भरवसा धरू नये.

कोकणात हार्नेस झिजून मरण्याआधी दुसऱ्याच कारणांनी मरतो. खाऱ्या हवेने अ‍ॅल्युमिनियमच्या कड्यांवर पांढरी पूड येते, स्टीलची कडी शेजारी असेल तर आणखी लवकर. स्विव्हल आतून धरून बसतं. किनाऱ्यावरच्या कामानंतर सगळं गोड्या पाण्यात खळबळून काढा, साबण सौम्य, पाणी कोमटापेक्षा गरम नको, वाळवण सावलीत. पावसाळ्यात घरात पंख्याखाली वाळवा, चुलीवरच्या माळ्यावर नाही. कॅराबिनरच्या, म्हणजे उघडमिट दार असलेल्या कडीच्या, दाराला खोबरेल लावायची सवय सोडा. भुसा त्यात चिकटून दार अर्धवट मिटतं, आणि अर्धवट मिटलेलं कॅराबिनर उघड्यासारखंच कमजोर. आंब्याचा चीक वेल्क्रोत आणि बकलाच्या दातांत जातो. तो सुकू द्यावा, मग साबण आणि मऊ ब्रशने घासावा. रॉकेल किंवा थिनर नको.

रसायनांचं भान सर्वांत कमी. नायलॉन आम्लाला बळी पडतं, पॉलिस्टर तीव्र अल्कलीला. टेम्पोत बॅटरीशेजारी टाकलेला हार्नेस वरून धड दिसेल आणि धागा आतून गेलेला असेल. बोर्डो मिश्रणाचे पिंप, कळीचा चुना, फवारणीचा पंप यांच्यासोबतही तो ठेवायचा नाही. संशय आला, की तो वापरातून बाहेर.

‘निसर्ग’ चक्रीवादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्या मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गेलं. अशा वादळांनंतर अर्धवट उपटलेल्या, कललेल्या झाडांवर चढायची घाई होते. मुळं सुटलेल्या झाडावर हार्नेसने काही साधत नाही. तो माणसाला त्याच झाडाला बांधून ठेवतो.

जुना हार्नेस विकत घेणार असाल तर लेबल वाचता येतंय का ते पाहा. उत्पादनाचं वर्ष आणि क्रमांक पुसलेला असेल तर कितीही स्वस्त असला तरी सोडा. पेट्झल आपल्या कापडी-प्लास्टिकच्या वस्तूंना उत्पादनापासून जास्तीत जास्त दहा वर्षं देते, आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत रोजच्या वापराचा पट्टा तिथपर्यंत पोचेल अशी आशा धरू नये. दर कामाआधी स्वतःची नजर, वर्षातून एकदा जाणकाराची तपासणी. पट्टीची शिवण उसवलेली, कड काट्याने ओरबाडलेली, उन्हाने रंग उडून धागा ताठ झालेला, कडीत नखाला लागेल अशी खाच पडलेली : यातलं एक जरी दिसलं तरी तो बाद. बाद झालेल्याचे मांडीपट्टे आणि कमरपट्टा कापून मगच टाका. अख्खा टाकला तर कुणीतरी उचलून पुढच्या हंगामात माडावर नेतो.