परदेशातल्या माणसांशी स्वस्तात संपर्क : काही महिन्यांच्या वापरानंतर काय टिकलं, काय नडलं

ज्या घरातला हा अनुभव आहे तिथली मांडणी अशी: पुण्यात फायबरचं इंटरनेट आणि दोन ज्येष्ठ नागरिक, जर्मनीत शिकणारी मुलगी, दुबईत नोकरी करणारा मुलगा, आणि अधूनमधून आठ-दहा दिवसांच्या सहलीला जाणारे बाकीचे. बोलायला आता जवळपास काहीच पैसे पडत नाहीत. खर्च होतो तो भारतातला नंबर चालू ठेवण्यावर, प्रवासातल्या डेटावर, आणि सेटिंग बघितली नाही म्हणून येणाऱ्या बिलांवर. कटकट मात्र निम्म्याहून जास्त पुण्यातच असते, म्हणून सुरुवात तिथून.

कॉल अडकला की पहिला संशय परदेशातल्या नेटवर जातो. त्याआधी एक सोपी परीक्षा करावी. तिकडच्याला आपलं चित्र फुटलेलं दिसतंय आणि आपल्याला त्याचं स्वच्छ दिसतंय, तर आपलं अपलोड (आपल्याकडून बाहेर जाणारं नेट) कमी पडतंय. उलट असेल तर बहुधा त्याचं. व्हिडिओ कॉलला दोन्ही दिशांनी दोन एमबीपीएस भरपूर होतात, त्यामुळे मोठा प्लॅन घेऊन फरक पडत नाही. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे आणि बोलणारा आतल्या खोलीत, ही खरी अडचण. पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान असतो, पण दोन विटांच्या भिंतींपलीकडे तो ढेपाळतो. २.४ गिगाहर्ट्झचा भिंती ओलांडतो, पण सोसायटीत प्रत्येकाचा राउटर त्याच पट्ट्यात बोलत असतो. राउटरमध्ये दोन्हींना वेगळी नावं द्यावीत आणि रोज ज्या खुर्चीत बसून बोलणं होतं तिथे जे चांगलं चालेल तेच फोनमध्ये ठेवावं. फोन दोघांमध्ये आपोआप उड्या मारायला लागला की नेमका तेव्हाच कॉल ‘रीकनेक्टिंग’ दाखवतो.

मग गुरुवार. महावितरणची देखभालीची कामं पुण्यात गुरुवारीच निघतात आणि वीज गेली की राउटर बंद. घरात इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळणारा मिनी यूपीएस घ्यावा. घेण्याआधी राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचा मजकूर वाचावा: बहुतेक १२ व्होल्ट, एक ते दोन अँपिअर असतात, काही ९ व्होल्टचेही असतात, आणि चुकीचा व्होल्टेज दिला तर राउटर जातो. पिनही बघावी. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या ५.५ मिलिमीटरच्या पिनांमध्ये आतलं भोक २.१ किंवा २.५ मिलिमीटर असतं. ती सैल बसली की राउटर दिवसातून चार वेळा रीस्टार्ट होतो आणि दोष यूपीएसच्या बॅटरीला दिला जातो. खोक्यावर १०,००० एमएएच लिहिलेलं असेल तर ३.७ व्होल्टच्या सेलच्या हिशेबाने ते ३७ वॉट-अवर होतात. आठ-दहा वॉट खाणारा राउटर त्यावर तीनेक तास चालतो, दिवसभर नाही.

एवढं करूनही नेट जाऊ शकतं. फायबर थेट घरात येऊन मोडेमला जोडलेली असेल तर ठीक. पण बऱ्याच जुन्या इमारतींत केबलवाल्याने गच्चीवर किंवा लिफ्टच्या खोलीत नेट वाटून देणारी विजेवरची पेटी, म्हणजे स्विच, बसवून तिथून साधी लॅन वायर घरोघर दिलेली असते. इमारतीची वीज गेली की तो स्विच बंद, मग तुमच्या राउटरचे दिवे कितीही लागोत. कनेक्शन घेतानाच विचारून घ्यायची गोष्ट आहे ही.

दुसरी मोठी तक्रार म्हणजे ‘फोन केला होता, वाजलाच नाही’. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अ‍ॅप्स झोपवली जातात. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, व्हॉट्सअ‍ॅप, बॅटरी इथे जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करावं आणि फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ची सोय असेल तर तीही द्यावी. एवढ्याने वाजत नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसीत ‘सायलेन्स अननोन कॉलर्स’ चालू आहे का बघावं. फसवणुकीच्या भीतीने ते कुणीतरी चालू करून दिलेलं असतं, आणि मुलीचा जर्मनीतला नवा +४९ चा नंबर सेव्ह केलेला नसल्यामुळे तिचाच कॉल गप्प बसतो. तिसरं कारण सुप्रभातची फुलं. फोनची जागा भरली की अ‍ॅप रखडतं, म्हणून ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’ बंद ठेवावं. आजी-आजोबांकडून फोन हातात धरणं जमत नसेल तर जुना टॅब स्टँडवर ठेवून त्यावर त्यांचंच व्हॉट्सअ‍ॅप ‘लिंक्ड डिव्हाइस’ म्हणून जोडता येतं. आयपॅडवरही हे २०२५ पासून जमतं. फक्त मूळ फोन १४ दिवस वापरलाच नाही तर टॅब आपोआप लॉगआउट होतो.

घुमणारा आवाज हा स्पीकरचा प्रताप असतो, नेटचा नव्हे. आणि तो ज्याला ऐकू येतो त्याच्याकडचा नसून समोरच्याकडचा असतो. वायरचे साधे इअरफोन लावले की विषय संपतो.

आता भारतातला नंबर. बँक, आधार, आयकर, गॅस, सगळीकडे तोच दिलेला असतो. रिचार्जविना पडून राहिला तर तो बंद होतो आणि काही काळाने दुसऱ्याला दिला जातो, आणि मग ओटीपी त्या माणसाकडे. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल आणि एसएमएस असलेले, डेटा नसलेले पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं आणि पॅकची कमाल मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेली. परदेशी राहणाऱ्यासाठी हेच पॅक योग्य. वर्षाला दोन हजारांच्या आत काम होतं, आणि दर महिन्याला पुण्यातून कुणी आठवण ठेवायची गरज उरत नाही.

निघण्याआधी कंपनीच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्यावं. ते बंद असेल तर तिकडे नेटवर्कच धरत नाही आणि ओटीपीही येत नाही. रोमिंगमध्ये आलेल्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, उचललेल्या कॉलला पडतात. डेटा रोमिंग मात्र भारतीय सिमवर बंदच ठेवायचं. आणि विमानात बसण्यापूर्वी ##००२# डायल करून सगळी कॉल फॉरवर्डिंग काढून टाकावी. ‘उचलला नाही तर दुसऱ्या नंबरवर पाठव’ असं लावून ठेवलेलं असेल तर न उचललेला कॉलही परदेशात जाऊन परत भारतात वळतो आणि त्या वळणाचे पैसे लागू शकतात. ओटीपी येत नसेल तर विमान मोड अर्धा मिनिट चालू-बंद करावा. तरी नाहीच आला तर नेटवर्क आपोआप न निवडता हाताने दुसरी कंपनी निवडून बघावी.

भारतीय नंबर ई-सिममध्ये, म्हणजे कार्डाशिवाय थेट फोनमध्ये उतरवायच्या सिममध्ये, बदलून घेण्याचा मोह टाळलेला बरा. फोन हरवला किंवा फुटला तर नव्या फोनवर ते ई-सिम उतरवताना पडताळणीचा एसएमएस त्याच नंबरवर मागितला जाऊ शकतो आणि तिकडून पुण्यातल्या दुकानात जाता येत नाही. भारतीय सिम प्लॅस्टिकचं आणि परदेशातलं ई-सिम, ही जोडी सगळ्यात कमी त्रासाची. सिम बदलायचंच असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी नको. नवं सिम चालू झाल्यावर सुरक्षेसाठी २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात.

व्हॉट्सअ‍ॅप भारतीय नंबरवरच राहू द्यावं. ते डेटावर चालतं, तो डेटा कुठल्या सिमचा आहे याने कॉलला फरक पडत नाही. ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’चा सहा आकडी पिन आणि सोबत ईमेल देऊन ठेवावा. ईमेल न देता पिन विसरला तर सात दिवस थांबावं लागतं.

छोट्या सहलीसाठी ट्रॅव्हल ई-सिम पुरे. एक जीबी, सात दिवस, असे पॅक चार-पाच डॉलरपासून मिळतात. ऑडिओ कॉलला मिनिटाला साधारण अर्धा ते एक एमबी लागतो, व्हिडिओला पाच-सहा एमबी. म्हणजे एका जीबीत व्हिडिओवर तीनेक तास, ऑडिओवर कितीतरी जास्त. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये ‘यूज लेस डेटा फॉर कॉल्स’ आहे, ते प्रवासात चालू ठेवावं. ई-सिम घरच्या वायफायवरच बसवून घ्यावं. क्यूआर कोड बहुतेक एकदाच चालतो, म्हणून सहल संपेपर्यंत ते डिलीट करू नये. पोहोचल्यावर ई-सिमच्या लाइनवर डेटा रोमिंग चालू करावं लागतं. भारतीय लाइनवर बंद आणि ई-सिमच्या लाइनवर चालू, इथेच लोक गोंधळतात. आयफोनमध्ये आणखी एक खाच आहे: ‘अलाउ सेल्युलर डेटा स्विचिंग’ बंद केलं नाही तर ई-सिमचं नेटवर्क क्षीण झाल्याबरोबर फोन गुपचूप भारतीय सिमवर डेटा घ्यायला जाऊ शकतो. शिवाय आयमेसेज आणि फेसटाइम नव्याने सुरू होताना भारतीय नंबरवरून एक आंतरराष्ट्रीय एसएमएस जातो. रक्कम किरकोळ, पण बिलात दिसली की भुवया उंचावतात.

सहा महिने किंवा वर्षासाठी राहायचं तर तिथलंच प्रीपेड घ्यावं. जर्मनीत सिम चालू करायला पासपोर्ट दाखवून किंवा व्हिडिओवर ओळख पटवावी लागते, त्यामुळे विमानतळावर उतरल्या उतरल्या ते चालू होईल असं गृहीत धरू नये. पहिले दोन-तीन दिवस ई-सिमवर काढायचे. तिथले प्रीपेड पॅक बहुधा चार आठवड्यांचे असतात, म्हणजे वर्षाला बारा नव्हे तर तेरा हप्ते. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून सदस्य देशांमध्ये रोमिंगचे वेगळे पैसे नाहीत, तेव्हा जर्मन सिम पॅरिसला किंवा प्रागला तसंच चालतं. स्वित्झर्लंडला मात्र हा नियम लागू नाही आणि पुणेकरांची युरोप सहल तिथे गेल्याशिवाय पूर्ण होत नाही, तेव्हा पॅकमध्ये तो देश आहे का ते बघून ठेवावं.

दुबईचा प्रकार निराळा. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज, फोटो, व्हॉइस नोट चालतात, कॉल चालत नाहीत. बोटिम हे तिथलं परवानगी असलेलं अ‍ॅप, पण ते पुण्यातल्या फोनवरही घालावं लागतं आणि ज्येष्ठांना आणखी एक अ‍ॅप शिकवणं जिवावर येतं. झूम, टीम्स किंवा गुगल मीटची लिंक पाठवणं जास्त सुटसुटीत. झूमच्या फुकट खात्यावर ४० मिनिटांनी बैठक संपते, मीटवर दोघांच्या कॉलला ती आडकाठी नाही. व्हीपीएन (आपण दुसऱ्याच देशातून नेट वापरतोय असं भासवणारी सोय) लावून बंदी चुकवायचा सल्ला सर्रास मिळतो. तिथल्या कायद्यात गुन्ह्यासाठी व्हीपीएन वापरल्यास दंडच पाच लाख दिरहमपासून सुरू होतो, तेव्हा पोराला तसलं काही सांगू नये.

चीनला जाणाऱ्यांनी उलटा विचार करायचा. तिथे व्हॉट्सअ‍ॅप आणि गुगल बंद, आणि तिथे त्याऐवजी चालणाऱ्या वीचॅटवर भारतात जून २०२० पासून बंदी. पण रोमिंगचा डेटा मूळ कंपनीच्या जाळ्यातूनच बाहेर पडतो, म्हणून भारतीय सिमच्या रोमिंग पॅकवर व्हॉट्सअ‍ॅप चालतं. हॉटेलच्या वायफायवर गेलात की बंद. महाग वाटला तरी तिथे रोमिंग पॅकच घ्यावा.

घरी लँडलाइनच असेल किंवा परदेशातून एखाद्या कार्यालयाला फोन करायचा असेल तर अ‍ॅपवरून थेट फोन नंबरवर, पैसे मोजून, कॉल करावा लागतो. वर्षानुवर्षं लोक त्यासाठी स्काइप वापरायचे. ते ५ मे २०२५ ला बंद झालं. व्हायबर आउट किंवा रेबटेल ही चालणारी नावं. पुण्याचा ०२० मधला शून्य काढून +९१ २० आणि पुढे आठ आकडे, असा नंबर लावायचा. अमेरिकेतून अधिक चिन्हाच्या जागी ०११, युरोपातून ००. सगळे नंबर पहिल्यापासून अधिक चिन्हानेच सेव्ह केले तर देश बदलला तरी काही बदलावं लागत नाही.

वेळेचं गणित मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिघडतं. जर्मनी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. युरोपची घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. अमेरिकेची मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. ठरलेला कॉल फोनच्या कॅलेंडरमध्ये तिकडच्या वेळेने टाकला की इकडची वेळ आपोआप सरकते.

शेवटी एक व्यवस्था पैसे न घालता करून ठेवावी. ‘तुमचा मुलगा पोलिसांच्या ताब्यात आहे’ किंवा ‘अपघात झालाय, ताबडतोब पैसे पाठवा’ असे कॉल परदेशी नंबरवरून येतात आणि आता आवाजही हुबेहूब काढता येतो. घरात एक सांकेतिक शब्द ठरवावा, जो व्हॉट्सअ‍ॅपवर कधीही लिहायचा नाही. तो सांगता आला नाही तर फोन ठेवून मुलाच्या सेव्ह केलेल्या नंबरवर आपण स्वतः कॉल लावायचा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. हा नंबर टॅबच्या स्टँडवर चिकटवून ठेवलेला बरा.