तीन प्रोग अल्बम, आठ महिने ऐकल्यावर

मी प्रोग, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकतो. मार्चमध्ये ठरवलं, काही दिवस नवीन शोधाशोध बंद. तीनच अल्बम घ्यायचे आणि पाठ होईस्तोवर ऐकायचे: स्टीव्हन विल्सनचा ‘हँड. कॅनॉट. इरेज.’ (२०१५), टूल या बँडचा ‘फिअर इनॉक्युलम’ (२०१९) आणि हेकन या बँडचा ‘अ‍ॅफिनिटी’ (२०१६). नागपुरात छत्रपती चौकातून मेट्रो, सीताबर्डीला गाडी बदलून लोकमान्य नगर, तिथून हिंगणा एमआयडीसी. बहुतेक ऐकणं याच वाटेवर झालं.

विल्सन पहिल्याच दिवशी आत शिरला. लंडनच्या जॉइस व्हिन्सेंटच्या मरणावरून त्याला हा अल्बम सुचला. २००३ च्या डिसेंबरच्या सुमारास ती घरात एकटी वारली आणि लोकांना कळलं २००६ च्या जानेवारीत. टीव्ही तोवर चालूच होता. विल्सनने तिचं चरित्र मांडलेलं नाही. भरगच्च शहरात हळूहळू दिसेनाशी होत जाणारी एक बाई त्याने उभी केली आहे. ‘रूटीन’मध्ये घरची माणसं गमावलेली बाई रोजची कामं तशीच करत राहते. त्यात निनेत तायेबचा आवाज आधी अगदी दबलेला आहे, मग एका जागी असा फुटतो की मी दर वेळी हातातलं काम थांबवतो. शेवटाकडे भावाला लिहिलेलं पत्र आहे: झोप येतेय, उरलेलं उद्या. त्यानंतर शब्दच नाहीत.

पण हा अल्बम रोज ऐकवत नाही. शिवाय एप्रिल-मेमध्ये कूलर सुरू झाला की ‘रूटीन’चा पियानो त्या घरघरीत पार बुडतो. म्हणून उन्हाळाभर तो रात्री अकरानंतर, गच्चीवर खाट टाकून ऐकला. तसाच ऐकायला हवा.

टूलचं उलट झालं. आधीच्या अल्बमनंतर तेरा वर्षांनी आलेला, डिजिटल आवृत्ती तब्बल ८६ मिनिटांची, मोठी गाणी सगळी दहा मिनिटांच्या वरची. पहिला महिनाभर मला तो नुसता लांबवलेला वाटला. माझे मोठेबाबा भजनी मंडळात तबला वाजवतात. तान्ह्या पोळ्याला ते घरी आले, तेव्हा स्पीकरवर ‘इन्व्हिन्सिबल’ चालू होतं. त्यांचा हात आपोआप मांडीवर गेला. थोडा वेळ मोजून म्हणाले, “सात मात्रा आहेत, पण रूपक नाही हा. ठेका कुठं वळते ते पाय बरं.” ड्रमर डॅनी कॅरी अलोक दत्तांकडे तबला शिकलाय, हे सांगितल्यावर त्यांनी गाणं पहिल्यापासून लावायला लावलं. तोवर मी गायकाच्या मागे धावत होतो. त्या दिवसापासून ड्रम धरून ऐकायला लागलो आणि जिथे काहीच घडत नाही असं वाटायचं, तिथेच सगळं घडत होतं हे कळलं.

‘अ‍ॅफिनिटी’त ऐंशीच्या दशकातला सिंथ (सिंथेसायझर) आहे, वाजवणारे जबरदस्त तयारीचे आहेत आणि ‘द आर्किटेक्ट’ची पंधरा मिनिटं कुठेही सैल पडत नाहीत. तरी पावसाळ्यानंतर तो आपणहून लावावासा वाटला नाही. कौतुक वाटतं, ओढ लागत नाही.

प्रोग नवीन असेल तर विल्सनपासून सुरुवात करा, पण सलग ऐका, सुटी गाणी नको. टूलला निदान दहा-पंधरा वेळा संधी द्या, तीही हेडफोनवर. सध्या सकाळच्या गाडीत मी टूलचं ‘न्यूमा’ लावतो. बारा मिनिटांचं ते गाणं संपता संपता सीताबर्डी येतं.